पोर्टफोलिओतला फोटो फुकट जातो, विकलेला फोटो परत येतो

"अगं, तुझा फोटो छापून आला आणि पेढे राहू देत, सांगितलंससुद्धा नाहीस!" रामबागेतली मावशी दारातच म्हणाली. मला काही कळेना. तिनं हात धरून स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजच्या शेजारी एका पतसंस्थेचं कॅलेंडर, मार्चचं पान, वर महेश्वरचा घाट. पहाटेचं पाणी, दोन नावा, किल्ल्याची भिंत, आणि डावीकडे खालच्या पायरीवर एक लाल प्लास्टिकची बादली.

त्या बादलीवरून ओळखलं. फोटो काढताना ती मला दिसलीच नव्हती. इंदूरला परत आल्यावर कॉम्प्युटरवर दिसली, आणि पुसून टाकायचा मी कंटाळा केला. कोपऱ्यातलं माझं नाव मात्र कुणीतरी कंटाळा न करता कापून काढलं होतं.

फोटो मी कुणाला विकलेला नव्हता. तो माझ्या साईटवर दोन ठिकाणी होता, पोर्टफोलिओत (काम दाखवायची पानं) आणि दुकानात (फोटो विकायची पानं). घरी येऊन मी सगळे करतात तेच केलं: साईटवर उजवी क्लिक बंद केली आणि प्रत्येक फोटोवर आडवं ठसठशीत नाव, म्हणजे वॉटरमार्क, टाकलं. बैल गेला नि झोपा केला. वर्ष उलटायच्या आत एका साडीच्या दुकानावर सहा फुटी फ्लेक्स लागला. महेश्वरी साड्या, मागे घाट, पायरीवर बादली. माझं नाव नाही.

त्याच काळात गिऱ्हाइकांच्या तक्रारीही चालू होत्या. एकीला प्रिंट काळपट वाटला. एकाच्या प्रिंटमध्ये किल्ल्याचा एक बुरूज गायब. एका हॉटेलवाल्याला मी "हा फोटो वर्षभर फक्त तुमचा" असं सांगून दिला होता, आणि त्यानं तोच फोटो माझ्याच दुकानात विकायला ठेवलेला पाहिला. या सगळ्यांचा मी वेगवेगळा बंदोबस्त करत बसले. ताप आला की क्रोसिन, खोकला आला की सिरप. आजार एकच आहे हे फ्लेक्समुळे लक्षात आलं.

फ्लेक्सनं काय सांगितलं

मी त्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि नंतर अगदी जवळ गेले. पायऱ्यांच्या दगडांमधल्या फटी स्वच्छ दिसत होत्या. बादलीची कडी दिसत होती.

आता हिशेब करा. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो ६००० × ४०००. सहा फूट म्हणजे ७२ इंच. ६००० भागिले ७२, इंचाला ८३ पिक्सेल. फ्लेक्सला हे भरपूर झालं. साईटवर दिसणारी माझी प्रत होती २०४८ पिक्सेलची. तिच्यातून इंचाला २८ निघतात, आणि जवळून पाहिलं तर बादलीच्या जागी लाल ठोकळा दिसला असता. शिवाय साईटवरच्या प्रतीवर तर आता आडवं नाव होतं. म्हणजे फ्लेक्सवाल्याच्या हातात दिसणारी प्रत नव्हतीच. मूळ फाइल होती. ती मी कुणाला पाठवली नव्हती. मग ती गेली कुठून?

तुमच्याकडेही "वॉटरमार्क आहे, क्लिक बंद आहे, तरी फोटो जातो" असं होत असेल तर बाकी काही करण्याआधी ही एक चाचणी करा. पाच मिनिटं लागतात.

ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडा, म्हणजे तुम्ही लॉग-इन नसाल. आपल्या पोर्टफोलिओतला एखादा फोटो नव्या टॅबमध्ये उघडा. क्लिक बंद करून ठेवली असेल तर पानाच्या सोर्समधून, म्हणजे पानामागच्या कोडमधून, फोटोचा पत्ता घ्या. तो तिथे असतोच, कारण पत्ता कळल्याशिवाय ब्राउझर फोटो दाखवणार कसा? साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) असेल तर फाइलच्या नावाच्या शेवटी डॅश आणि माप दिसेल: १०२४×६८३ असं काहीतरी. तो डॅश आणि माप खोडा, पुढचं जेपेग तसंच ठेवा, एंटर मारा.

माझ्या स्क्रीनवर ६००० × ४००० ची फाइल उघडली. नाव नाही, वॉटरमार्क नाही. मी तशीच बसून राहिले.

हे असं का होतं

यात वर्डप्रेसची काही चूक नाही, ते आपलं काम करतं. तुम्ही एक मोठा फोटो चढवला की ते त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवतं, म्हणजे मोबाईलवर लहान जाईल आणि मोठ्या पडद्यावर मोठी. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची एक आटवलेली प्रत बनते, तिच्या नावाला शेवटी 'स्केल्ड' लागतं, आणि साईटवर 'पूर्ण आकार' म्हणून तीच वापरली जाते. पण मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये, मूळ नावानं, तशीच पडून राहते. तो फोल्डर सगळ्यांसाठी उघडा असतो. उघडा असणं गरजेचंच आहे, नाहीतर साईटवर फोटो दिसणारच नाहीत. माझं वॉटरमार्क लावणारं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) लहान प्रतींवर नाव टाकत होतं. मुळाला त्यानं हातही लावला नव्हता.

आणि खरा घोळ त्याच्या पुढे होता. दुकान उघडलं तेव्हा मी आळस केला. फोटो मीडिया लायब्ररीत, म्हणजे वर्डप्रेसच्या फोटोंच्या साठ्यात, आधीच होता, तोच पोर्टफोलिओत लावला, तोच दुकानातल्या वस्तूचं चित्र म्हणून निवडला, आणि पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला मिळायची डाउनलोड फाइल म्हणूनही तोच. एक फाइल, तीन नोकऱ्या. दाखवायला जी फाइल उघडी हवी, तीच विकायला कुलपात हवी. हे दोन्ही एकाच फाइलला जमणार नाही.

माझं दुकान वूकॉमर्स या वर्डप्रेसच्या दुकान-प्लगिनवर आहे. त्यात विक्रीच्या फाइलींसाठी वेगळा फोल्डर असतो. वस्तूला 'डाउनलोडेबल' अशी खूण करून त्याच पानावरून नवी फाइल चढवली तरच ती तिथे जाते. आधीपासून लायब्ररीत असलेली निवडली तर ती जागची हलत नाही, उघड्या फोल्डरमध्येच राहते. साईट ज्या सर्व्हरवर चालते त्यावर अपाचे हे सॉफ्टवेअर असेल तर त्या वेगळ्या फोल्डरचं कुलूप आपोआप लागतं. एनजिनएक्स असेल तर साईट जिथे ठेवलीय त्या होस्टिंगवाल्याला सांगून वेगळा नियम घालून घ्यावा लागतो. डाउनलोड देण्याच्या पद्धतींमध्ये 'फक्त रीडायरेक्ट' असा एक पर्याय असतो, तो घेऊ नका. त्यात गिऱ्हाइकाला फाइलचा खरा पत्ता कळतो, आणि तो पत्ता पुढे व्हॉट्सॲपवर कुठवर जाईल याचा नेम नाही. किती वेळा आणि किती दिवस डाउनलोड करता येईल हेही वस्तूच्या पानावर ठरवता येतं. मी तीन वेळा आणि तीस दिवस ठेवलंय.

तुमची साईट तयार पोर्टफोलिओ-सेवेवर असेल तर नावातलं माप खोडायची ही युक्ती तिथे चालेलच असं नाही, पण प्रश्न तोच विचारायचा: मी चढवलेली सगळ्यात मोठी फाइल लॉग-इन न करता कुणाला उघडता येते का?

दुरुस्ती, आणि ती अर्धवट केली तर काय होतं

मी पहिल्यांदा अर्धवटच केली. नवी लहान प्रत चढवली, पानावर लावली, आणि खूश झाले. आठवड्यानं जुना पत्ता टाकून पाहिला तर मूळ फाइल हसत उघडली. पानावरून फोटो काढणं वेगळं आणि लायब्ररीतून कायमचा पुसणं वेगळं. पुसल्यावरही सीडीएन (साईटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून ती वेगानं दाखवणारी सेवा) लावलेलं असेल तर त्याच्या साठ्यात प्रत राहते. तो साठा रिकामा करायचा. गूगलच्या चित्रांमध्ये जुनी प्रत दिसत राहिली तर गूगलच्याच सर्च कन्सोल या साधनातून काढायची विनंती करता येते. आणि फाइलचं नाव बदलायचं. जुन्या नावाचा पत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांना तो पुन्हा कधीच चालता कामा नये.

आता माझ्याकडे प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असतात, आणि मूळ फाइल साईटवर चढतच नाही, ती घरच्या दोन हार्ड डिस्कवर. पहिली दाखवायची, दुसरी दुकानातल्या पानावर नमुना म्हणून लावायची, तिसरी विकायची, कुलपातली. तिन्हींच्या नावात एकच क्रमांक, पुढे प्रतीचं अक्षर: दा, न, वि. महेश्वरचा तो घाट ०४१७ आहे.

क्रमांकाची कल्पना मला आमच्याच शहरातून मिळाली म्हटलं तरी चालेल. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले, सिकंदराबादेत आणि मुंबईत स्टुडिओ काढले. त्यांच्या कितीतरी छायाचित्रांच्या खालच्या कडेला क्रमांक, जागेचं नाव आणि सही दिसते, ती निगेटिव्हवरच लिहिलेली. अल्बममध्ये पाहिलेलं चित्र मागवायचं तर क्रमांक सांगितला की काम झालं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा माणूस दाखवायची आणि विकायची प्रत एका आकड्यानं बांधत होता, आणि मी फायलींना 'महेश्वर फायनल नवीन २' अशी नावं देत होते.

दाखवायची प्रत किती लहान करावी

यावर लोक भांडतात. माझं मत सांगते. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर फोटो दहा इंच रुंद होता. २०४८ पिक्सेलची प्रत दहा इंचांत छापली की इंचाला २०५ मिळतात. ऑफसेटवर छापणारा ३०० मागतो, पण भिंतीवर लटकणाऱ्या कॅलेंडरला दोनशेत छान भागतं. म्हणजे २०४८ ची प्रत टाकणं आणि कॅलेंडरवाल्याला पाकिटात घालून देणं यात फारसा फरक नाही. १२०० ची प्रत दहा इंचांवर ताणली तर इंचाला १२० येतात आणि कडा मऊ पडायला लागतात.

म्हणून जो फोटो विकायचाय तो मी १२०० वर ठेवते, आणि जो नुसता दाखवायचाय, जो कुणी विकत घेणार नाही, तो खुशाल २०४८ वर. बहुतेक जण याच्या उलट करतात, विकाऊ फोटो झळकावा म्हणून सगळ्यात मोठा लावतात. आजकाल एआयनं लहान फोटो मोठा करून मिळतो, तेव्हा १२०० हे काही कुलूप नाही, नुसती कडी आहे. पण चोराला कडी काढायचीही मेहनत नको असते.

"एवढ्या लहान फोटोवरून गिऱ्हाइकाला बारकावा कसा कळणार?" असं माझ्या मावसभावानं विचारलं, आणि बरोबर विचारलं. दुकानाच्या पानावर मी मूळ फाइलचा एक तुकडा शंभर टक्के आकारात लावते, ८०० × ८००. घाटाच्या फोटोला पायऱ्यांचा तुकडा लावलाय, दगडावरचं शेवाळसुद्धा दिसतं. तुकडा चोरून कुणी कॅलेंडर काढत नाही.

वॉटरमार्कचं माझं धोरण: पोर्टफोलिओत नाही, दुकानातल्या नमुन्यावर आहे, मध्यावर, फिकट. पोर्टफोलिओ बघायला येणारा माणूस काम द्यायला आलेला असतो, त्याच्या तोंडावर नाव मारायचं नाही. कोपऱ्यातलं नाव तर निव्वळ मनाचं समाधान, कात्रीच्या एका फटक्यात जातं. उजवी क्लिक मी परत चालू केली. स्क्रीनशॉट घेणाऱ्याचं तिनं काही बिघडत नव्हतं, आणि पोर्टफोलिओ पाहून फोटोची लिंक आपल्या साहेबाला पाठवू पाहणाऱ्या भल्या माणसाची अडचण होत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी.

प्रिंट काळपट, रंग उतरलेले

ही तक्रार चोरीची नाही, पण मूळ तेच.

माझा कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर लावलेला होता, कुणीतरी सांगितलं होतं की त्यात रंग जास्त मावतात. मावतात. पण त्या फाइलीबरोबर एक रंगाची चिठ्ठी असते, प्रोफाइल, आणि ती वाचली तरच रंग बरोबर दिसतात. वर्डप्रेस लहान प्रती बनवतं तेव्हा होस्टिंगवर इमेजमॅजिक हे प्रती बनवणारं सॉफ्टवेअर असेल तर ती चिठ्ठी टिकते. त्याच कामाचं नुसतं जीडी हे सॉफ्टवेअर असेल तर चिठ्ठी गळून पडते. मग तोच फोटो साईटवर मलूल दिसतो, गुलाल गुलाबी न दिसता विटकरी दिसतो. मी काय केलं? साईटवर मलूल दिसतो म्हणून मूळ फाइलीतच रंग चढवले. तीच फाइल विक्रीला. प्रिंट आला तो भडक, आणि गिऱ्हाईक विचारतंय की हा साईटवरचाच फोटो का?

दाखवायची आणि नमुन्याची प्रत एक्सपोर्ट करताना रंग एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून घ्यायचे, प्रोफाइल फाइलीत ठेवायचं, आणि कॉम्प्युटर, मोबाईल, दोन्हीवर बघायचं. विकायच्या प्रतीलाही मी आता एसआरजीबीच वापरते, कारण घेणारा ती कुठल्या लॅबमध्ये नेईल हे माझ्या हातात नाही. इथल्या बहुतेक लॅबवाल्यांना तीच चालते.

काळपटपणाचं कारण मात्र वेगळं. गिऱ्हाईक फोटो बघतं मोबाईलवर, उजेड पूर्ण वाढवून. कागद स्वतः उजळत नाही. मी स्वतःही मॉनिटर भगभगीत ठेवून काम करत होते, त्यामुळे फोटो मला उजळ वाटायचा आणि मी तो आणखी गडद करायचे. आता मॉनिटरचा उजेड निम्म्यावर आणलाय आणि विक्रीला ठेवायच्या प्रत्येक फोटोचा ४ × ६ चा एक प्रिंट आधी स्वतः काढून घेते, खिडकीपाशी धरून बघते. या लहान प्रिंटनं माझे जितके पैसे वाचवलेत तितके मॉनिटरचे रंग जुळवणाऱ्या कुठल्या कॅलिब्रेशनच्या यंत्रानं वाचवले नसते, असं माझं ठाम मत. यंत्र विकणाऱ्यांनी रागावू नये.

गायब बुरूज

कॅमेऱ्याचा फोटो ३:२. १२ × १८ चा प्रिंट त्यात अचूक बसतो. पण १६ × २० मागितला तर? सोळाची बाजू धरली की दुसरी बाजू २४ व्हायला हवी, कागद वीसचाच आहे. चार इंच, म्हणजे फोटोचा सहावा हिस्सा, कापला जाणार. लॅब मधोमध धरून दोन्ही कडांचे दोन-दोन इंच उडवते. माझ्या फोटोत बुरूज उजव्या कडेला होता.

दुकानात मी सगळ्या फोटोंना सगळी मापं देऊन ठेवली होती, कारण प्लगिनमध्ये ती यादी तयार होती. आता प्रत्येक फोटोला जी मापं बसतात तेवढीच ठेवते. कुणी १६ × २० चाच हट्ट धरला तर पांढरी किनार सोडून छापते, आणि आधी कापलेला नमुना व्हॉट्सॲपवर पाठवून "चालेल" असं लिहून घेते. ए-३ ला थोडंच कापलं जातं, पण कडेला कुणाचं डोकं असेल तर थोडंही खूप होतं. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

"हा फक्त तुमचा" म्हणताना

हॉटेलवाल्याच्या भांडणात चूक पूर्ण माझी होती. तोंडी बोललो होतो. तो म्हणाला "कायमचा", मला आठवत होतं "वर्षभर", आणि दुकानात फोटो तसाच लागलेला.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे नीट वाचण्यासारखं आहे. हक्क द्यायचा तो लेखी. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर सारा भारत. कलम ३० अ नुसार परवान्यालाही हेच लागू होतं. म्हणजे महेश्वरच्या एका हॉटेलाच्या भिंतीसाठी दिलेला फोटो, कागदावर तपशील न लिहिल्यामुळे, पाच वर्षं देशभर अडकून बसू शकतो. आता मी बिलावरच चार ओळी छापते: कशासाठी, किती प्रती, किती दिवस, कुठे. आणि पाचवी ओळ, सगळ्यात कामाची: "छायाचित्रकाराला हा फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवता येईल, विकता येणार नाही." ही ओळ लिहिली की दाखवणं आणि विकणं हे दोन वेगळे हक्क आहेत हे समोरच्यालाही कळतं. आजवर एकानंही हरकत घेतलेली नाही.

फोटो असा दिला की त्याच दिवशी वहीत ०४१७ पुढे तारीख, आणि दुकानातलं पान बंद. पोर्टफोलिओतला राहतो, त्याच्याखालचं 'विकत घ्या' बटण काढायचं. मी एक्सेल ठेवून पाहिली, पण उघडायचा कंटाळा. वही टेबलावरच असते.

दाखवता येतो, विकता येत नाही

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक. राजवाड्यासमोर पाण्याचे टँकर, गुलालाचे लोट, गच्च्यांवर माणसं. माझ्या पोर्टफोलिओत सगळ्यात जास्त पाहिला जाणारा फोटो गेरचाच आहे: एक म्हातारे गृहस्थ, पांढरं धोतर पार जांभळं, आणि चष्मा मात्र बोटानं पुसून स्वच्छ केलेला. स्टॉक एजन्सीला, म्हणजे अनेकांचे फोटो विकणाऱ्या कंपनीला, तो मी चार वेळा पाठवला, चार वेळा परत आला. मला वाटे फोकसमध्ये काही चूक असेल. कारण साधं होतं. चेहरा ओळखू येतो आणि त्या गृहस्थांची लेखी संमती नाही, तर जाहिरातीसाठी तो विकता येत नाही. बातमीसाठी, लेखासाठी, 'एडिटोरियल' म्हणून देता येतो, आणि तो पर्याय पाठवतानाच निवडावा लागतो. त्यामुळे माझ्या साईटवरही गेरच्या फोटोंना 'जाहिरातीसाठी नाही' अशी ओळ आहे. आता गर्दीत जाताना संमतीचा कागद खिशात ठेवते, पण खरं सांगायचं तर गुलालात भिजलेल्या माणसाकडून सही घेणं अजून एकदाही जमलेलं नाही.

लग्नाचे फोटो यापेक्षा अवघड. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, कलम १७. म्हणजे त्या वधूचा सुंदर फोटो साडीवाल्याला विकणं तर सोडाच, पोर्टफोलिओत लावायलाही बुकिंगच्या कागदावर एक ओळ हवी.

परवान्याची पाटी फोटोतच

फोटोच्या फाइलीत न दिसणारी माहितीही असते, तिला मेटाडेटा म्हणतात. एक्सपोर्ट करताना 'सगळा मेटाडेटा काढा' अशी खूण असेल तर ती काढा. त्या माहितीतल्या आयपीटीसी नावाच्या ठरावीक रकान्यांत निर्माता, कॉपीराइट आणि हक्कांच्या पानाचा वेब-पत्ता भरा. हा शेवटचा रकाना भरला तर गूगलच्या चित्रांमध्ये फोटोवर 'परवाना मिळेल' अशी छोटी खूण दिसू शकते. ऑगस्ट २०२० पासून ही सोय आहे. शेजारचा परवानादाराचा रकानाही भरला की फोटो कुठे मिळेल याची लिंकही येते, ती सरळ दुकानाच्या पानाकडे न्या. रंगाच्या चिठ्ठीसारखंच हेही जीडीमध्ये गळतं, तेव्हा साईटवरून फोटो परत उतरवून रकाने शाबूत आहेत का ते एकदा बघा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला तर गळतंच.

तरीही सापडला तर

महिन्यातून एकदा मी सगळ्यात चालणारे दहा फोटो गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये, म्हणजे फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवांमध्ये, टाकून बघते. सुप्रभातच्या शुभेच्छांवर माझा घाट फिरतोय, त्यामागे मी लागत नाही. धंद्यासाठी वापरला असेल तर लागते. साईटवर असेल तर ती साईट जिथे ठेवलीय त्यांना लेखी तक्रार करता येते. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे, तक्रारीत दम दिसला तर त्यांनी ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते तो पुन्हा चालू करू शकतात, हे लक्षात ठेवा.

कॅलेंडर छापणाऱ्याला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "भिया, गूगल से उठाया था।" बाईला भिया, म्हणजे भाऊ, म्हणाला याचं काही नाही, इंदुरात चालतं. भांडले नाही. क्रमांक सांगितला, मूळ फाइलीतला बादलीचा तुकडा पाठवला, आणि एका वर्षाच्या परवान्याचं बिल जोडलं. थोडी घासाघीस करून त्यानं पैसे दिले.

साडीवाल्याच्या बाबतीत मात्र मी घाई केली. फ्लेक्सचा फोटो न काढताच आधी दुकानात शिरून बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन, कॅमेरा घेऊन गेले, तर तिथे नुसत्या चार दोऱ्या लोंबत होत्या. म्हणून आधी फोटो किंवा स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि पूर्ण पत्ता दिसेल असा, आणि मगच फोन.